घरांची मंदी : संपली कीं विसांवली?

बाजारांत वस्तूंचे भाव चढतात व उतरतात, हें तुम्हांस ठाऊक आहेच. कांद्याचा किंवा कापसाचा भाव कोसळून पुन्हां सांवरला, तर तो सांवरल्याचें पेठेंत उभ्या असलेल्या मनुष्यास त्याच दिवशीं कळतें. घरांची गोष्ट तशी नाहीं. एक घर रोज विकलें जात नाहीं. एकाच गल्लींतील दोन घरेंहि अगदीं सारखीं नसतात. आणि घर घेणारा मनुष्य केवळ आपली शिल्लक खर्चून तें घेत नाहीं, तर पुढील वीस-तीस वर्षांची मिळकत गहाण टाकून तें घेत असतो. म्हणून घरांच्या बाजारांत मंदी आल्याचें जसें उशिरा समजतें, तसेंच ती गेल्याचेंहि उशिराच समजतें. "मंदी संपली काय?" हा प्रश्न विचारावयास सोपा आहे, परंतु त्याचें उत्तर उतावीळपणानें दिल्यास एखाद्या कुटुंबाची जन्माची कमाई बुडूं शकते.

प्रस्तुत लेखांत आपण या प्रश्नाचा अभ्यास एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करणार आहों. तें उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २००६ ते २०१२ या काळांत झालेली घरांची मंदी. तें निवडण्याचें कारण असें कीं, ती मंदी संपल्याचा पुकारा प्रथम एकदां खोटा ठरला आणि मग पुढें ती खरोखरच संपली. खोटा गुण आणि खरा गुण यांतील भेद ओळखावयाचा तर दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे लागतात. शिवाय आपल्या महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांचीं मुलें आज त्या देशांत नोकरीस असून तेथें घरें घेत आहेत. तेव्हां पालकांसहि हा विषय अगदींच परका वाटूं नये.

१. भाव मोजावा कसा?

घरांच्या भावाची सरासरी काढणें दिसतें तितकें सोपें नाहीं. एखाद्या वर्षीं मोठमोठे बंगले अधिक विकले गेले तर सरासरी वर जाईल. पुढील वर्षीं लहान घरें अधिक विकलीं गेलीं तर ती खालीं येईल. आणि असें होऊनहि प्रत्यक्ष एकाहि घराचा भाव बदललेला नसेल. ही अडचण दूर करण्यासाठीं कार्ल केस व रॉबर्ट शिलर या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं एक युक्ति योजिली. तेंच घर पूर्वीं केवढ्यास विकलें गेलें आणि पुढें केवढ्यास विकलें गेलें, अशा जोड्या त्यांनीं जुळविल्या व त्यांवरून एक निर्देशांक बांधला. या शिलर यांसच २०१३ सालीं आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या निर्देशांकांत जानेवारी २००० मधील भाव १०० धरलेला आहे. सबंध देशाचा अंक २००६ च्या उन्हाळ्यांत सुमारें १८४ पर्यंत चढला, आणि २०१२ च्या फेब्रुवारींत सुमारें १३४ पर्यंत उतरला. म्हणजे पन्नास अंकांची, अथवा शेंकडा सत्तावीसांची, घसरण झाली. वीस मोठ्या शहरांचा जो निराळा अंक काढतात तो तर शेंकडा पस्तिसांच्या आसपास घसरला.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, हा अंक तीन महिन्यांची सरासरी घेऊन काढतात व तो सुमारें दोन महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. म्हणजे आज हातीं पडलेला अंक मागील ऋतूचें वर्तमान सांगत असतो. दुसरी ही कीं, त्या देशांत लोक उन्हाळ्यांत घरें पुष्कळ घेतात व हिवाळ्यांत थोडीं. म्हणून वसंतांत भाव जरा वर आला कीं लगेच हुरळून न जातां गतवर्षींच्या त्याच महिन्याशीं त्याची तुलना करावी.

२. भाव चढले कसे व पडले कसे?

इ. स. २००३ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनें, म्हणजे फेडरल रिझर्व्हनें, आपला अल्पमुदतीच्या व्याजाचा दर एक टक्क्यावर आणिला व तो वर्षभर तेथेंच ठेविला. पैसा स्वस्त झाला. पूर्वीं सावकार कर्ज देतांना ऋणकोची ऐपत पारखून घेई; कारण कर्ज बुडालें तर तोटा त्याचा स्वतःचा असे. या काळांत मात्र निराळीच पद्धति बळावली. कर्ज देणारी संस्था हजारों गहाणखतें एकत्र बांधून त्यांवर रोखे काढी आणि ते रोखे देशोदेशींच्या गुंतवणूकदारांस विकून मोकळी होई. कर्ज फिटो वा बुडो, देणाऱ्याचें कमिशन पदरांत पडलेलें असे. साहजिकच पारख सुटली. मिळकतीचा पुरावा न मागतां कर्जें दिलीं गेलीं. पहिलीं दोन वर्षें लहान हप्ता व मग एकदम मोठा हप्ता, अशा अटींचीं कर्जेंहि कित्येकांच्या गळ्यांत पडलीं. सबंध देशांत घरांचे भाव एकाच वेळीं कधीं पडत नाहींत, असा समज दृढ झाला होता. आणि त्या समजावर सावकार, दलाल, गुंतवणूकदार व गिऱ्हाईक असे सारेच विसंबून राहिले.

पुढें २००४ च्या जूनपासून २००६ च्या जूनपर्यंत मध्यवर्ती बँकेनें सतरा वेळां दर वाढवून तो सव्वापांच टक्क्यांवर नेला. हप्ते जड झाले, गिऱ्हाइकें विरळ झालीं, भाव प्रथम थबकले व मग उतरूं लागले. भाव चढत होते तोंवर ज्यास हप्ता झेपेना तो घर विकी, किंवा नवें कर्ज काढून जुनें फेडी. भाव उतरतांच हीं दोन्ही दारें बंद झालीं. घरें जप्त होऊं लागलीं. जप्त घरें येईल त्या किंमतीस विकलीं जाऊं लागलीं. आणि त्यांनीं शेजारच्या घरांचाहि भाव खालीं ओढिला. २००८ च्या सप्टेंबरांत फॅनी मे व फ्रेडी मॅक या गृहकर्जांच्या दोन प्रचंड संस्था सरकारास आपल्या ताब्यांत घ्याव्या लागल्या, व त्याच महिन्याच्या १५ तारखेस लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी दिवाळखोरींत गेली. २००५ सालीं वीस लक्षांहून अधिक नव्या घरांचें बांधकाम सुरू झालें होतें. २००९ सालीं तो आकडा साडेपांच लक्षांच्या घरांत आला. २००९ च्या ऑक्टोबरांत काम मागणाऱ्या दर शंभर माणसांत दहा बेकार होते.

या आपत्तीचें स्वरूप एका साध्या हिशेबानें समजेल. समजा, एका गृहस्थानें दोन लक्ष डॉलरांचें घर घेतलें. त्यांपैकीं वीस हजार रोख दिले व एक लक्ष ऐशीं हजारांचें कर्ज काढलें. पांच-सहा वर्षें इमानानें हप्ते भरल्यावर त्याचें कर्ज एक लक्ष सहासष्ट हजारांवर आलें. परंतु शेंकडा सत्तावीस भाव उतरल्यामुळें त्या घराची किंमत आतां एक लक्ष शेहेचाळीस हजारच उरली. नोकरी गेल्यामुळें त्यानें घर विकलें, तर घर जाऊन डोक्यावर वीस हजारांचें देणें राहिलें! अशा घरास त्या देशांत 'पाण्याखालचें घर' असें म्हणत. २००९ च्या अखेरीस कर्जावर घेतलेल्या घरांपैकीं सुमारें चौथा हिस्सा घरें अशीं पाण्याखालीं होतीं.

३. खोटा गुण

आतां मुख्य विषयाकडे वळूं. लोकांनीं घरें घ्यावीं म्हणून सरकारनें २००९ च्या फेब्रुवारींत असा कायदा केला कीं, जो प्रथमच घर घेईल त्यास आठ हजार डॉलरांपर्यंत कराची सूट मिळेल. नोव्हेंबरांत या सवलतीची मुदत वाढविण्यांत आली, आणि पूर्वीं घर असलेल्यांसहि साडेसहा हजारांपर्यंत सूट देऊं केली. मात्र खरेदीचा करार ३० एप्रिल २०१० पूर्वीं झाला पाहिजे, अशी अट होती.

औषध लागू पडलें. वीस शहरांचा निर्देशांक २००९ च्या वसंतांत १३९ च्या आसपास होता, तो २०१० च्या उन्हाळ्यांत १४८ च्या आसपास गेला. सतत तीन वर्षें पडत असलेला भाव वर येतांना पाहून 'तळ लागला, आतां घर घ्यावें' असें पुष्कळांस वाटलें. त्यांत सारेच मूर्ख होते असें नव्हे; आकडा खरोखरच वर चढत होता.

परंतु सवलतीची मुदत संपली, आणि २०१० च्या जुलै महिन्यांत जुन्या घरांची विक्री आदल्या महिन्याच्या मानानें शेंकडा पंचविसांहून अधिक घटली. मागोमाग भावहि उतरूं लागले. २०११ च्या मे महिन्याच्या अखेरीस जे अंक प्रसिद्ध झाले त्यांत सबंध देशाचा भाव २००९ च्या तळाच्याहि खालीं गेलेला दिसला. वीस शहरांचा अंक २०१२ च्या मार्चपर्यंत १३४ वर आला. तापाच्या औषधानें रोग्याचें अंग निवावें, घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकावा, आणि रात्रीं ताप उलटावा, तसाच हा प्रकार झाला.

असें कां झालें? पहिलें कारण, सवलतीनें नवें गिऱ्हाईक फारसें निर्माण झालें नाहीं. उद्यां येणारें गिऱ्हाईक आज आलें इतकेंच. दुसरें कारण, लाखों घरांचे हप्ते थकलेले होते, पण तीं घरें अद्याप बाजारांत आलेलीं नव्हतीं. २०१० च्या शरद्ऋतूंत असें उघडकीस आलें कीं, जप्तीच्या कागदांवर कर्ज देणाऱ्या संस्थांचे नोकर ते न वाचतांच दिवसाकांठीं शेंकड्यांनीं सह्या करीत होते. त्यामुळें पुष्कळ जप्त्या कांहीं काळ थांबविण्यांत आल्या. बाजारांत माल कमी दिसला. परंतु तो आटला नव्हता, बांधाच्या मागें तुंबला होता. तिसरें कारण, बेकारी अजून शेंकडा नवांच्या वर होती. ज्याच्या हातीं काम नाहीं तो तीस वर्षांचें कर्ज कोणत्या धीरावर काढणार?

सवलतीच्या मोहानें २०१० च्या उन्हाळ्यांत दोन लक्षांचें घर घेणाराचा हिशेब पाहा. अंक १४८ वरून १३४ वर आला, म्हणजे घराची किंमत सुमारें एक लक्ष एक्याऐंशीं हजार झाली. त्यांतील कांहीं फरक ऋतुमानाचा म्हणून सोडला, तरी आठ हजारांच्या लाभापुढें तोटा मोठाच राहतो. अर्थात् ज्यानें हप्ता झेपेल असें घर राहण्यासाठीं घेतलें व जो त्यांत राहिला, त्याचें या घसरणीनें कांहीं बिघडलें नाहीं. जो दोन वर्षांनीं चढ्या भावानें विकूं म्हणून आला होता, किंवा ज्यास नोकरीमुळें घर सोडावें लागलें, तो मात्र नाडला गेला.

४. खरा गुण कशावरून ओळखावा?

यावरून दिसून येईल कीं, भाव वर आला एवढ्यावरून मंदी संपली असें मानणें धोक्याचें आहे. भाव हें लक्षण आहे. त्याच्या मुळाशीं काय चाललें आहे तें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं पुढील चार प्रश्न विचारावे.

(अ) न विकलेला माल किती? सध्याच्या वेगानें विक्री होत राहिली तर बाजारांतील सारीं घरें संपावयास किती महिने लागतील, हें यासाठीं काढतात. सहा महिन्यांच्या आसपासचा सांठा समतोल समजला जातो. जुलै २०१० मध्यें तो बारा महिन्यांहून अधिक होता. २०१२ च्या अखेरीस तो पांच महिन्यांच्याहि खालीं आला.

(आ) विकणारा राजीखुशीनें विकीत आहे कीं नाइलाजानें? जप्तीच्या घरांचा लोंढा येणार असेल, तर त्यापूर्वींची तेजी टिकत नाहीं. २०१२ च्या फेब्रुवारींत पांच मोठ्या बँका व एकूणपन्नास संस्थानें यांच्यामध्यें सुमारें पंचवीस अब्ज डॉलरांची तडजोड झाली. तींत कित्येक ऋणकोंचीं कर्जें हलकीं करण्यांत आलीं, आणि तुंबलेल्या प्रकरणांस वाट मिळाली.

(इ) सामान्य मिळकतीच्या मनुष्यास हप्ता झेपतो काय? एकीकडे भाव उतरले होते, व दुसरीकडे तीस वर्षांच्या कर्जाचा व्याजदर २०११ च्या अखेरीस चार टक्क्यांच्या खालीं आला आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत तर तो साडेतीन टक्क्यांच्याहि खालीं होता. त्यामुळें घराचा हप्ता मिळकतीच्या आटोक्यांत आला.

(ई) राहणारीं माणसें वाढत आहेत, त्या मानानें घरें बांधलीं जात आहेत काय? २००९, २०१० व २०११ या तिन्ही वर्षीं नव्या घरांचीं कामें सहा लक्षांच्या आसपासच राहिलीं. मुलें मोठीं होत होतीं, लग्नें होत होतीं, पण घरें थोडींच बांधलीं जात होतीं. तेजींत बांधून ठेवलेला जादा माल असा हळूहळू जिरला. बेकारीहि २०१२ च्या सप्टेंबरांत शेंकडा आठांच्या खालीं उतरली.

हे चारहि प्रश्न २०१० सालीं विचारले असते तर त्यांपैकीं बहुतेकांचें उत्तर प्रतिकूल आलें असतें. २०१२ च्या अखेरीस तींच उत्तरें अनुकूल झालीं होतीं. खोट्या व खऱ्या गुणांतील भेद तो हा. एकास बाहेरून टेकू दिलेला होता. दुसऱ्याचा पाया आंतून भरत आला होता.

५. संपली, पण कोणासाठीं?

२०१२ च्या आरंभीं भाव तळास पोहोंचले, हें आज आपणांस मागें वळून पाहतांना दिसतें. त्या दिवशीं कोणी घंटा वाजविली नव्हती. उलट, एकदां फसलेले लोक दुसऱ्या वेळीं विश्वास ठेवावयास तयार नव्हते, आणि भाव आणखी पडतील असें म्हणणारे त्याहि वेळीं होते.

शिवाय 'संपली' या शब्दाचेहि अर्थ निरनिराळे आहेत. भाव पडावयाचे थांबले, हा एक अर्थ. तो २०१२ सालीं खरा झाला. भाव पूर्वींच्या ठिकाणीं आले, हा दुसरा अर्थ; सबंध देशाचा अंक २००६ च्या शिखरास पुन्हां पोहोंचावयास २०१६ चा शरद्ऋतु उजाडला. आणि तोंहि केवळ आकड्यांनीं; कारण त्या दहा वर्षांत सर्वच वस्तू सुमारें शेंकडा अठरा-एकोणीसांनीं महागल्या होत्या, तेव्हां त्या मानानें घर अजून स्वस्तच होतें. गमावलेलें घर परत मिळालें, हा तिसरा अर्थ. आणि तो असंख्य कुटुंबांच्या बाबतींत कधींच खरा झाला नाहीं. २००४ सालीं त्या देशांतील दर शंभर कुटुंबांत एकूणसत्तर स्वतःच्या घरांत राहत होतीं. २०१६ च्या मध्यास तें प्रमाण त्रेसष्टांच्या खालीं आलें होतें. भाव चार वर्षें चढत असतांहि स्वतःचें घर असणारांचें प्रमाण घटतच होतें! बांधकामावरील वीस लक्षांहून अधिक लोकांचीं कामें गेलीं होतीं, तींहि भावाबरोबर लगेच परत आलीं नाहींत.

स्थळास्थळांतहि मोठें अंतर होतें. लास व्हेगास शहरांत भाव शेंकडा साठांहून अधिक पडले. डॅलस शहरांत ते शेंकडा दहाच्या आसपासच उतरले. आणि डेट्रॉइट शहरांत तर ते २००० सालच्या भावाच्याहि खालीं गेले. म्हणून 'देशाचा बाजार सांवरला' हें वाक्य वाचतांना 'माझ्या गांवचा सांवरला काय?' हा प्रश्न मनांत उभा राहिला पाहिजे.

उतार व चढ यांचें गणितहि विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. १८४ वरून १३४ वर येतांना घसरण शेंकडा २७ झाली. परंतु १३४ वरून पुन्हां १८४ वर जावयास शेंकडा ३७ चढ लागतो. कारण उतरतांना शेंकडा मोठ्या संख्येवर काढला जातो व चढतांना लहान संख्येवर. 'पडले तितके टक्के चढले, म्हणजे फिटंफाट झाली' असें जो म्हणेल त्याच्या हिशेबांत ही चूक आहे, हें तुम्हीं त्यास दाखवून द्यावें.

पालकांसाठीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतों. घर घेण्याची वेळ बाजारांतील तळ शोधून ठरविण्याच्या भरीस पडूं नये. तो तळ पंडितांसहि मागाहूनच सांपडतो. हप्ता आपल्या मिळकतींतून, एखाद्याची नोकरी सहा महिने गेली तरी, निघेल काय. आणि त्या घरांत आपण दहा वर्षें राहूं इच्छितों काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मात्र प्रत्येकास आपल्या घरच्या वहीवरून काढतां येतात. तीं उत्तरें होकारार्थी असतील, तर बाजाराच्या मंदीचें भय थोडें. आणि नकारार्थी असतील, तर मोठी तेजीहि त्या कुटुंबास तारूं शकणार नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका घराचा भाव शेंकडा ५० उतरला. तो मूळ पदावर यावयास शेंकडा किती चढला पाहिजे?

२. एका शहरांत ६,००० घरें विकावयाचीं आहेत व दरमहा ७५० घरें विकलीं जातात. हा सांठा किती महिन्यांचा झाला? तो समतोल म्हणतां येईल काय?

३. कर-सवलतीनें वाढलेली विक्री व बेकारी कमी झाल्यानें वाढलेली विक्री, यांपैकीं कोणती टिकाऊ समजावी व कां, तें दहा ओळींत लिहा.